मदत हवी आहे: तांबड्या-पांढऱ्यासकट कीटो कसं जमवायचं?

सोमवारपासून आम्ही चौघं कोल्हापुरात एकत्र कीटो, म्हणजे कर्बोदकं अगदी कमी आणि स्निग्ध जास्त असा आहार, सुरू करतोय. दिवसाला निव्वळ कर्बोदकं (तंतू वजा करून उरतात ती) २० ते ३० ग्रॅम. ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी खाल्ली तरी ३५ होतात, म्हणून भाकरी बंद. गंगावेशीतलं धारोष्ण दूधही बंद. पेलाभर दुधात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते.

मटण, अंडी, तूप, पनीर, मेथी, फ्लॉवर हे ठरलंय. अडतंय रश्श्यात. पांढऱ्यातले काजू काढून तीळ-खसखस नि नारळाचं दूध वाढवलं, तर तो फुटू नये म्हणून दूध कधी घालायचं, आच किती ठेवायची? तांबड्यात कांदा किती कमी चालतो?

कर्बोदकं घटली की इन्सुलिन उतरतं, मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकतात. मग डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात आणि बरेच जण तिथंच सोडतात. त्यासाठी दोन वेळा वाटीभर अळणी (मटण शिजवलेलं पाणी), पाव चमचा मीठ घालून, पुरेल का?

एकाला मधुमेहाची गोळी चालू आहे. डॉक्टरांनी डोस ठरवल्यावरच तो येईल.

पहिले दोन आठवडे रोज रात्री आमची खाण्याची वही कुणी अनुभवी बघेल का? चुका लगेच सांगा, फार उपकार होतील.