तिसऱ्या नोडवर जीएफएस२ माउंट होत नसेल तर
जीएफएस२ म्हणजे क्लस्टरमधल्या (एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या गटातल्या) अनेक नोडना, म्हणजे संगणकांना, एकच सामायिक डिस्क एकाच वेळी वापरू देणारी फाइल सिस्टिम. दोन नोडवर चालणारं जीएफएस२ तिसऱ्यावर माउंट होत नाही, याचं कारण बहुधा जर्नल, म्हणजे डिस्कवरच्या बदलांची नोंद ठेवणारी जागा. प्रत्येक नोडला स्वतःचं जर्नल लागतं. पुन्हा फॉरमॅट करू नका. माउंट असतानाच जीएफएस२-जेअ‍ॅड (gfs2_jadd) कमांडने आणखी एक जर्नल जोडता येतं, फक्त मोकळी जागा हवी.

अशा वेळी कुणी फेन्सिंग (बिघडलेल्या नोडला डिस्कपासून सक्तीने तोडणं किंवा बंद करणं) तात्पुरतं बंद ठेवायला सुचवलं, तर ते मात्र कृपया करू नका. गोठलेला नोड मध्येच जागा होऊन डिस्कवर लिहू लागला, तर सगळ्यांचाच डेटा बिघडतो. म्हणून तर फेन्सिंग पूर्ण होईपर्यंत डीएलएम (नोडमध्ये लॉक वाटणारी व्यवस्था) लॉक देत नाही. पेसमेकरमध्ये (क्लस्टर सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) कोरम, म्हणजे नोडचं बहुमत, गेल्यावरचं धोरण 'फ्रीझ' (आहे तसं थांबवून ठेवणं) ठेवा. 'स्टॉप' (सगळं बंद करणं) असेल तर कोरमशिवाय माउंट नीट बंदच होत नाही आणि अख्खं क्लस्टर फेन्स होतं.