क्लाउझेवित्झच्या लिखाणात मारीचा वाटा किती? (मदत हवी आहे)

मंडळी, सध्या 'ऑन वॉर' हा युद्धावरचा गाजलेला ग्रंथ वाचतोय. नोव्हेंबर १८३१ मध्ये त्याचा लेखक, प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याचा सेनाधिकारी कार्ल फॉन क्लाउझेवित्झ कॉलऱ्याने गेला, तेव्हा हस्तलिखित अपुरंच होतं. ते १८३२ पासून छापून आणलं त्याच्या बायकोने, मारीने. प्रस्तावनाही तिचीच (त्या काळी लष्करी ग्रंथाला बाईची प्रस्तावना!).

पण तिला नुसती संपादक म्हणणं मला कंजूषपणाचं वाटतं. ती प्रशियाच्या दरबारात वावरलेली काउंटेस, तो पोरवयात फौजेत भरती झालेला. लग्नाआधीपासून दोघांची पत्रं चालू होती, त्यांत राजकारणही भरपूर. मग 'युद्ध म्हणजे राजकारणाचाच पुढचा भाग' या त्याच्या विचारामागे तिच्याशी झालेल्या चर्चा कितपत असतील?

ही पत्रं इंग्रजीत कुठे वाचायला मिळतील? जर्मन जाणणारं कुणी आहे का इथे?