लिफ्टनंतर गाडी वळणात फार कलते: अँटी-रोल बार काढू की जाड टाकू?

खडकवाट:
मंडळी, जरा सल्ला हवाय. गाडीला पुढे-मागे सॉलिड ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाकं एकाच आडव्या दांड्यावर), कॉइल स्प्रिंग, २ इंचाचा लिफ्ट (म्हणजे सस्पेन्शन तेवढं उंच केलंय), आणि वर रूफ रॅक ज्यावर स्पेअर टायर न पाण्याचे कॅन असतात. डांबरी रस्त्यावर वळणात एवढी कलते की मागे बसलेले हँडल सोडत नाहीत. आणि दगडांत गेलो की उलटंच, पुढचं एक चाक खड्ड्यात उतरतच नाही, हवेत लटकून नुसतं फिरत राहतं. कोणी म्हणतं अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडून कलणं अडवणारा दांडा) काढूनच टाक, कोणी म्हणतं जाड बार टाक. नुसते शॉक ॲब्सॉर्बर कडक केले तर दोन्ही सुटेल का?

ॲक्सलवाला:
शॉकचं आधी सांगतो कारण इथेच लोकांचे पैसे वाया जातात. शॉक फक्त हालचालीचा वेग अडवतो. म्हणजे गाडी झटकन कलायची ती सावकाश कलेल, पण लांब वळणात शेवटी तेवढीच कलणार, तिथे भार स्प्रिंग आणि बारच घेतात. वर शॉक फार कडक झाले की खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडायला लागतो ते वेगळंच.

बार म्हणजे टॉर्शन स्प्रिंग, पिळला की उलटा जोर लावणारा. दोन्ही चाकं सोबत वर गेली तर तो नुसता त्याच्या रबरी बुशमध्ये फिरतो, पण एक वर एक खाली झालं की पिळला जातो आणि अडवतो. वळणात हेच हवं असतं, दगडांत हेच नको असतं, त्यामुळे तुमच्या दोन तक्रारींचं मूळ बरंचसं एकच आहे. जाड बार टाकताना जपून, कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, २० मिमीचा २२ केलात तर सुमारे ४६ टक्के कडक! मग ते लटकणारं चाक अजूनच लटकेल.

माझं स्पष्ट मत, बार ठेवा आणि पुढे डिस्कनेक्ट लिंक (पिन काढून बार सुटा करता येतो अशा जोडदांड्या) लावा. ट्रेल सुरू व्हायच्या आधी पिन काढायची, बार वर बांधून ठेवायचा म्हणजे टायरला किंवा ब्रेक होजला (ब्रेकच्या नळीला) लागणार नाही, आणि परत रस्त्याला लागण्याआधी सपाट जागी जोडायचा. जीप रँग्लर रुबिकॉनला हेच २००७ पासून बटणावर मिळतं, वेग वाढला की आपोआप जोडलंही जातं.

लो_रेंज:
वरच्याशी सहमत, फक्त रॅक विसरू नका. लिफ्टने गुरुत्वमध्य आधीच वर गेलाय आणि पाण्याचे कॅन तुम्ही त्याच्याही वर नेऊन ठेवलेत. कॅन आत, फ्लोअरवर, नीट बांधून ठेवा आणि मग परत चालवून बघा, एक पैसा न घालता फरक कळेल. लिफ्टनंतर ड्रॉप लिंक (बारची टोकं ॲक्सलला जोडणाऱ्या दांड्या) लांब केल्या का? नसतील तर बारचे हात खाली ओढले गेले असतील, ते गाडी उभी असताना साधारण जमिनीला समांतर हवेत.

आणि पुढचा बार कायमचा काढून मागचा तसाच ठेवला तर कलण्याचा जास्त भार मागच्या ॲक्सलवर जातो, ओल्या वळणात मागची बाजू सुटायची शक्यता वाढते. हे कृपया करू नका.

खडकवाट:
लिंक मूळच्याच आहेत, बघतो. पण बार सोडल्यावर चाक खूप खाली जाईल ना, मग त्याला थांबवतं कोण?

ॲक्सलवाला:
हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, बरं झालं विचारलात. खाली जाताना लिमिट स्ट्रॅप (ॲक्सलला धरून ठेवणारा पट्टा) आणि वर येताना बंप स्टॉप (ॲक्सल ज्यावर टेकतं तो अडथळा). शॉकने स्वतः कुठल्याच टोकाला थांबवायचं काम करायला नको, नाहीतर आतला पिस्टन नाहीतर माउंट जातं.

बार सुटा करून चॅसी जॅक स्टँडवर घ्या, पुढच्या कॉइल आणि तात्पुरते शॉकही काढा, आणि ॲक्सल जॅकवरच धरून ठेवा म्हणजे होजवर लटकणार नाही. मग एक बाजू पूर्ण वर, दुसरी खाली, आणि तशातच स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. ब्रेक होज ताणलेला दिसला की तिथेच थांबा, आधी लांब होज. टायर फेंडरला घासायच्या आत बंप स्टॉप टेकला पाहिजे. शॉक पूर्ण दबल्यावर आणि पूर्ण उघडल्यावर किती लांब असतो ते मोजून दोन्हीकडे थोडी जागा शिल्लक ठेवा. स्ट्रॅप झटक्याने ताणला जातो, म्हणून मापापेक्षा थोडा आखूडच घ्या. मग दुसऱ्या बाजूने हेच सगळं परत.

लो_रेंज:
आणि कॉइल परत बसवल्यावर पूर्ण खाली सोडून बघा, तिच्या बसायच्या खाचेतून सैल होऊन निघत असेल तर रिटेनर (कॉइल धरून ठेवणारी पकड) लागेल.