मदत हवी आहे: वेल्ड शॅमेलिऑनची (येमेनकडचा, रंग बदलणारा सरडा) जोडी लावण्याआधी कोणती तयारी हवी?

मादी 14 महिन्यांची, 105 ग्रॅम. नर दीड वर्षाचा. पिंजरे वेगळे, मध्ये पडदा. यूव्हीबी नळी (उन्हासारखे अतिनील किरण देणारा दिवा) आहे, रातकिड्यांना कॅल्शियम लावूनच देतो. इन्क्युबेटर आणलाय. आणखी काय लागेल? अंडी कमी घालतील असं काही करता येतं का? जाणकारांनी सांगावं.

उत्तर 1
इन्क्युबेटरच्या आधी अंडी घालायची जागा बघा. वेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते, म्हणून वाळूचा टब आजच पिंजऱ्यात हवा. धुतलेली ओली वाळू, खोली निदान 30 सेंमी. बोट खुपसून काढा: भोक टिकलं तर ओल बरोबर, कडा ढासळल्या तर पाणी कमी. मादी बोगदा खणून आत शिरते. तो कोसळला किंवा कुणी बघताना दिसलं, की खणणं सोडते आणि अंडी पोटातच राहतात. खणायला लागली की पिंजऱ्यावर कापड टाका. दिवसा डोळे मिटून तळाशी पडून राहिली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, उद्यावर नको.

अंड्यांची संख्या खाण्यावर आणि उबेवर ठरते. भरपूर खाऊ घालून कडक ऊब दिली तर 60च्या पुढेही जातात. बास्किंग (दिव्याखालची शेकायची जागा) 27-28 अंश ठेवा, दिवसाआड 3-4 रातकिडे पुरेत.

मादीला नराकडे न्या. ती काळपट होऊन तोंड वासून डोलायला लागली की लगेच बाहेर काढा. मीलन झालं तर साधारण 20-30 दिवसांत अंडी. त्याच मीलनावर पुढची खेपही फलित निघू शकते, हे धरून चाला.

उत्तर 2
इन्क्युबेटरमधल्या डब्यात व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारं हलकं खनिज) आणि पाणी वजनाने समसमान. अंडी अर्धी पुरा, वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा. नंतर फिरवली तर आतला गर्भ मरतो. 26-28 अंशांवर 6 ते 9 महिने.

विचारणारे
एवढ्या पिल्लांना घरं मिळाली नाहीत तर?

उत्तर 2
म्हणूनच आधी घरं मोजा, तेवढीच अंडी ठेवा. बाकीची घातल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाका. 30 पिल्लं म्हणजे रोज तीनेकशे बारीक किडे, आणि दोन-तीन महिन्यांत प्रत्येकाला स्वतंत्र पिंजरा; एकत्र राहिली तर शेपट्या चावतात, दुबळी उपाशी राहतात. नराच्या मागच्या टाचेला जन्मतःच बारीक काटा असतो, नर-मादी त्यावरून तेव्हाच वेगळे ओळखा. बाहेर मात्र एकही सोडू नका. फ्लोरिडात सुटलेल्या वेल्डची रानात पैदास झाली आहे. भारतात असाल तर परिवेश पोर्टलवर (केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं संकेतस्थळ) जोडीची नोंद आधी करा, पिल्लांचीही करावी लागते. आपला घोयरा सरडा (भारतातला शॅमेलिऑन) पाळणं तर 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.