पॅथॉलॉजी लॅबच्या सॉफ्टवेअरसाठी डेटाबेस कोणता? मोंगो, मायएसक्यूएल की पोस्टग्रेस (नागपूर, पाच कलेक्शन सेंटर)

सावजी_स्टॅक

नमस्कार मंडळी. धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचं सॉफ्टवेअर नव्यानं लिहायचं आहे. मुख्य लॅब एक आणि कलेक्शन सेंटर पाच: मनीषनगर, जरीपटका, हिंगणा, कामठी, बुटीबोरी. रोजचे ३५० च्या आसपास पेशंट, प्रत्येकाचे सरासरी १६ पॅरामीटर धरा. लॅबमध्ये सहा ॲनालायझर आहेत, त्यातले दोन अजून सिरियल पोर्टवर चालतात. सेंटरवर नेट जातं, उन्हाळ्यात लाइटही जाते. पण उपाशीपोटी आलेला पेशंट समोर उभा असतो, त्यामुळे नोंदणी आणि बिल थांबवता येत नाही.

टीममध्ये एकाचं म्हणणं मोंगोडीबी (ठरावीक रकान्यांच्या टेबलांऐवजी मोकळी डॉक्युमेंट साठवणारा डेटाबेस) घ्या, कारण दर टेस्टचा आकार वेगळा. दुसऱ्याचा हात मायएसक्यूएलवर बसलेला आहे. मी पोस्टग्रेसचा विचार करून राहिलो आहे. रिपोर्टचे पीडीएफ डेटाबेसमध्येच ठेवावेत का, हाही प्रश्न आहे. आणि सगळं क्लाउडवर नेलं तर सेंटरचं काय करायचं?

डीबीवाले_भाऊ

आधी गणित मांडा, निम्मा वाद तिथेच मिटेल. ३५० गुणिले १६ म्हणजे दिवसाला ५,६०० ओळी. वर्षाचे ३०० दिवस धरले तर १६.८ लाख. एक ओळ १५० बाइटची धरली तर वर्षाला २५० एमबी, इंडेक्ससकट (शोध जलद करणाऱ्या सूचीसकट) ५०० एमबी. दहा वर्षांत ५ जीबी. एवढा डेटा तिन्ही डेटाबेस सहज पेलतात, त्यामुळे "कोणता जास्त फास्ट" हा प्रश्नच काढून टाका. चुकीचा रिपोर्ट बाहेर जाऊ नये म्हणून कोणता डेटाबेस जास्त अडवतो, ते पाहा. त्या निकषावर पोस्टग्रेस.

"दर टेस्टचा आकार वेगळा" हे अर्धंच खरं आहे. सीबीसी, लिपिड, थायरॉइड, शुगर या सगळ्यांचा सांगाडा एकच: सॅम्पल, पॅरामीटर, मूल्य, एकक, संदर्भ मर्यादा. प्रत्येक पॅरामीटरची एक ओळ, अशी उभी टेबल करा. खरोखर वेगळा आकार असतो तो कल्चर-सेन्सिटिव्हिटीचा, कारण तिथे एक किंवा दोन जंतू आणि प्रत्येकाखाली अँटिबायोटिकांची यादी येते. हिस्टोपॅथॉलॉजीत तर नुसता मजकूर असतो. या दोन्हींसाठी जेसनबी (मोकळ्या आकाराची माहिती साठवणारा) स्तंभ ठेवा. दहा टक्के कामासाठी बाकीच्या नव्वद टक्क्यांना कागदपत्रांच्या ढिगात ढकलू नका. "या पेशंटची मागची पाच एचबीए१सी दाखवा" हा डॉक्टरांचा रोजचा प्रश्न. उभ्या टेबलवर पेशंट, पॅरामीटर आणि तारीख असा एकच इंडेक्स त्याला पुरतो.

आता जिथे लोक हमखास फसतात ते. मूल्याचा स्तंभ नुसता संख्येचा ठेवला की पहिल्याच आठवड्यात टीएसएचचं उत्तर "०.०१ पेक्षा कमी" येतं आणि कोणीतरी अख्खा स्तंभ मजकुराचा करून टाकतो. मग आलेख निघत नाही आणि मर्यादेशी तुलनाही होत नाही. तीन स्तंभ करा: चिन्ह, न्यूमेरिक मूल्य, आणि "पॉझिटिव्ह", "अंधुक" अशा शब्दांसाठी मजकूर. फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नका. मशीननं ५.१० पाठवलं तर रिपोर्टवर ५.१० च छापलं पाहिजे, ५.१ नाही आणि ५.०९९९९ तर नाहीच.

संदर्भ मर्यादा मास्टर टेबलमधून जोडून दाखवू नका. रिपोर्ट व्हॅलिडेट होतो (डॉक्टर तपासून मंजूर करतात) त्या क्षणी एकक, मर्यादा, पद्धत हे सगळं निकालाच्या ओळीत उतरवून घ्या. किट बदललं, मास्टरमध्ये मर्यादा बदलली आणि मागच्या वर्षीचा रिपोर्ट पुन्हा छापला, तर काल "नॉर्मल" असलेला पेशंट आज "हाय" दिसतो. व्हॅलिडेट झालेल्या ओळीवर ॲप्लिकेशनच्या युजरला अपडेटचा अधिकारच देऊ नका. दुरुस्ती म्हणजे नवी आवृत्ती. जुनी तशीच राहते आणि नव्यावर "सुधारित रिपोर्ट" छापलं जातं.

वयाचंही तसंच. काउंटरवर जन्मतारीख क्वचितच मिळते, "बेचाळीस वर्षं" एवढंच सांगतात. मग सॉफ्टवेअर १ जानेवारी टाकून मोकळं होतं. त्यापेक्षा सांगितलेलं वय, त्याचं एकक आणि नोंदीची तारीख ठेवा; जन्मतारीख रिकामी राहू द्या. एकक लागतंच, कारण तीन दिवसांच्या बाळाच्या बिलिरुबिनची मर्यादा दिवसांवर ठरते. आणि मोबाइल नंबरला युनिक (एका नंबरला एकच पेशंट) करू नका. एका नंबरवर अख्खं घर असतं.

पीडीएफ डेटाबेसमध्ये नको. एक पीडीएफ २०० केबी धरला तर दिवसाला ७० एमबी, वर्षाला २१ जीबी. अर्ध्या जीबीच्या डेटासाठी २१ जीबीचा बॅकअप ओढत बसाल. फाइल डिस्कवर किंवा ऑब्जेक्ट स्टोअरमध्ये (फाइल ठेवायच्या साठ्यात), डेटाबेसमध्ये तिचा पत्ता आणि हॅश (फाइल बदलली तर कळावं म्हणून तिचा ठसा).

इतवारी_इंडेक्स

मायएसक्यूएलची बाजू कोणी घेत नाही म्हणून लिहितो. टीममध्ये चारपैकी एकाला तरी ते नीट येत असेल तर ते घेणं गैर नाही. फक्त जुनी आवृत्ती नको. ८.०.१६ च्या आधी चेक कन्स्ट्रेंट (मूल्यावरची अट) लिहिलं तर मायएसक्यूएल ते वाचून गुपचूप सोडून द्यायचं, ना एरर ना अडवणूक. ५.७ चा सपोर्ट २०२३ मध्येच संपला. कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ च ठेवा. नुसत्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी बसते, कारण तिला तीन बाइट पुरतात, म्हणून चाचणीत काही कळत नाही. व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेल्या पत्त्यात इमोजी आला की मग इन्सर्ट फेल.

एक फरक मात्र मोठा आहे. मायएसक्यूएलमध्ये ऑल्टर टेबल केलं (टेबलची रचना बदलली) की आधीचं ट्रान्झॅक्शन (सगळे मिळून व्हायचे किंवा सगळे रद्द व्हायचे असे बदल) आपोआप कमिट होतं, म्हणजे कायम होतं. पाच पायऱ्यांचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) तिसऱ्या पायरीवर पडलं तर दोन पायऱ्या झालेल्या आणि तीन राहिलेल्या, असं अधांतरी लटकतं. पोस्टग्रेसमध्ये अख्खं मायग्रेशन एका ट्रान्झॅक्शनमध्ये जातं, पडलं तर सगळंच मागे फिरतं. इंडेक्स कॉन्करंटली (टेबलवरचं लिखाण न अडवता) बांधणं तेवढं त्याला अपवाद.

मोंगोबद्दल एवढंच. अनेक डॉक्युमेंटवरचं ट्रान्झॅक्शन ४.० पासून आहे, पण त्यासाठी रेप्लिका सेट (एकमेकांच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरचा गट) लागतो. सुटा सर्व्हर चालत नाही. पेशंट, सॅम्पल, बिल, पैसे हे सगळं एका झटक्यात लिहायचं असेल तर तुम्हाला ते लागणारच.

सावजी_स्टॅक

भाऊ, गणित आधीच करायला हवं होतं. उभी टेबल पटली. आता सेंटरचं सांगा. क्लाउडवर एकच डेटाबेस आणि सेंटरवर ब्राउझर असा बेत होता. नेट गेलं तर डोंगलवर चालवू म्हणत होतो.

रात्रपाळी

डोंगलच्या भरवशावर राहू नका. मुळात लॅबमधला सर्व्हरच क्लाउडवर नको. ॲनालायझर लॅबच्या नेटवर्कवर निकाल फेकतात. बाहेरचं नेट गेलं म्हणून बायोकेमिस्ट्रीचं मशीन अडून बसलं तर सेंटरपेक्षा मोठा घोळ होतो. मुख्य पोस्टग्रेस धंतोलीतच, क्लाउडवर त्याची प्रत.

सेंटरवर एसक्यूलाइट (वेगळ्या सर्व्हरशिवाय एका फाइलमध्ये चालणारा छोटा डेटाबेस). एकाच मशीनवर, एकाच प्रोग्रामनं लिहायचं असेल तर त्याच्यापेक्षा सोपं काही नाही. चार गोष्टी मात्र पाळा. जर्नल मोड वॉल (बदल आधी वेगळ्या नोंदफाइलमध्ये लिहिणारा) करा. सिंक्रोनस (बदल डिस्कवर पोचेपर्यंत किती थांबायचं ते ठरवणारं सेटिंग) फुल ठेवा. वेग वाढवायला बरेच जण ते नॉर्मलवर आणतात, पण वॉल मोडमध्ये नॉर्मल असलं की लाइट गेल्यावर फाइल खराब होत नाही तरी शेवटची काही बिलं उडू शकतात. फॉरेन की (दुसऱ्या टेबलमध्ये जुळणारी ओळ असलीच पाहिजे ही अट) दर कनेक्शनला चालू करावी लागते, मूळ अवस्थेत ती बंदच असते. आणि टेबल स्ट्रिक्ट प्रकारची करा, ३.३७ पासून सोय आहे. नाहीतर पूर्णांकाच्या स्तंभात "दोनशे" लिहिलं तरी एसक्यूलाइट खुशाल घेतं. पैशासाठी डेसिमल प्रकार नाही, म्हणून रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात.

सेंटरवर दोन संगणक असतील तर ती फाइल शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून दोघांना उघडू देऊ नका. वॉल मोड नेटवर्क ड्राइव्हवर चालतच नाही, आणि दुसऱ्या मोडमध्येही लॉकचा भरवसा नसतो. एका संगणकावर छोटी सर्व्हिस चालवा, दुसरा तिच्याशी बोलेल.

सिंकसाठी प्रत्येक नोंदीबरोबर त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये "पाठवायचं आहे" अशा टेबलमध्ये एक ओळ टाका. नेट आलं की ती टेबल क्रमानं रिकामी होत जाईल. पोचपावती हरवली तर तीच नोंद पुन्हा जाणार, म्हणून मुख्य सर्व्हरवर इन्सर्ट करताना "ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग" (नोंद आधीच असेल तर काही करू नको). त्यासाठी आयडी सेंटरवरच बनला पाहिजे: यूयूआयडी (कुठेही बनवला तरी दुसऱ्याशी न जुळणारा लांब आयडी) घ्या, जमलं तर सातवी आवृत्ती, कारण ती वेळेच्या क्रमानं लागते आणि इंडेक्स विस्कटत नाही. पोस्टग्रेस १८ मध्ये ती तयारच मिळते. ऑटो-इन्क्रिमेंट (१, २, ३ असा आपोआप वाढणारा क्रमांक) ठेवलंत तर कामठीचा १०४ आणि हिंगण्याचा १०४ धंतोलीत एकमेकांवर आदळतील. ट्यूबवरच्या बारकोडचे रोल सेंटरप्रमाणे वेगळ्या मालिकेत छापून ठेवा.

बिल क्रमांक ही निराळी भानगड. तो सलग हवा, आणि सीक्वेन्स (डेटाबेसचा आपोआप क्रमांक देणारा मोजक) सलग राहत नाही. ट्रान्झॅक्शन रद्द झालं तरी घेतलेला क्रमांक परत येत नाही, आणि पोस्टग्रेस क्रॅश झाला तर ३२ पर्यंत क्रमांक गायब होऊ शकतात. सेंटर आणि आर्थिक वर्ष अशी एक ओळ ठेवा, बिलाच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ती एकानं वाढवून क्रमांक घ्या. सेंटरवर लिहिणारा एकच असल्यामुळे तिथे रांग लागत नाही. जीएसटीच्या नियमात क्रमांक १६ अक्षरांपर्यंतच चालतो, तेव्हा "मनीषनगर" पूर्ण लिहू नका, दोन-तीन अक्षरांचं कोड पुरे.

मशीनचे निकाल थेट निकालाच्या टेबलमध्ये टाकू नका. ॲनालायझरनं पाठवलेला मूळ मजकूर आधी जसाच्या तसा एका टेबलमध्ये, तिथे एकही फॉरेन की नाही. बारकोड नीट वाचला गेला नाही, मशीननं तोच निकाल दोनदा पाठवला, सेंटरची नोंद अजून यायची आहे आणि ट्यूब आधी पोचली, हे रोजचं आहे. मूळ मजकूर हाताशी असेल तर नंतर जुळवता येतं. नसेल तर सॅम्पल पुन्हा लावा, रिएजंट पुन्हा खर्च करा.

इतवारी_इंडेक्स

रात्रपाळीच्या म्हणण्याला एक जोड. सेंटरच्या संगणकाच्या घड्याळावर विश्वास नको. मदरबोर्डचा सेल उतरलेला असतो आणि तारीख भलत्याच वर्षाची दिसते. सॅम्पल घेतल्याची वेळ सेंटरची, मिळाल्याची वेळ सर्व्हरची, दोन्ही ठेवा, दोन्ही टाइमझोनसकट. "मिळालं" हे "घेतलं"च्या आधी दिसलं की सॉफ्टवेअरनं ओरडलं पाहिजे.

डीबीवाले_भाऊ

व्हॅलिडेशनच्या स्क्रीनबद्दल राहिलं. रिपोर्ट उघडताना ट्रान्झॅक्शन सुरू करून डॉक्टरांनी बटण दाबेपर्यंत धरून ठेवू नका. डॉक्टर जेवायला गेले की ओळी लॉक राहतात आणि ऑटोव्हॅक्यूमला मेलेल्या ओळी साफ करता येत नाहीत. ओळीत आवृत्ती क्रमांक ठेवा, सेव्ह करताना तो जुळला तरच अपडेट. आयडल-इन-ट्रान्झॅक्शनचा टाइमआउट एक मिनिटावर लावा, म्हणजे विसरलेलं कनेक्शन आपोआप तुटेल. शेअर्ड बफर (पोस्टग्रेसनं डेटासाठी राखलेली मेमरी) मुळात फक्त १२८ एमबी असतं. ८ जीबीच्या मशीनवर २ जीबी करा.

सावजी_स्टॅक

क्लाउडवरची प्रत म्हणजेच बॅकअप समजायचा का? आणि मराठी नावं शोधताना घोळ होतो, एकच "वऱ्हाडे" कधी सापडतात, कधी नाही.

रात्रपाळी

प्रत म्हणजे बॅकअप नाही. कोणी चुकून वेअर न लावता डिलीट चालवलं तर ते पुढच्याच क्षणी प्रतीवरही पोचतं. रात्रीचा बेस बॅकअप आणि दिवसभराच्या वॉल फाइल (पोस्टग्रेसच्या बदलांच्या नोंदी) बाहेर पाठवत राहणं, हे वेगळं लागतं; पीजीबॅकरेस्ट हे टूल ते नीट करतं. आर्काइव्ह टाइमआउट (वॉल फाइल जास्तीत जास्त किती वेळानं बदलून बाहेर पाठवायची ते) ६० सेकंद ठेवला तर नुकसान साधारण मिनिटभराचं. त्यानं "दुपारी २:१० ला होता तसा" डेटाबेस उभा करता येतो.

प्रतीसाठी रेप्लिकेशन स्लॉट (प्रत कुठवर पोचली याची मुख्य सर्व्हरवरची खूण) वापरत असाल तर एक खड्डा सांभाळा. क्लाउडचं मशीन दोन दिवस बंद राहिलं तर मुख्य सर्व्हर त्याच्यासाठी वॉल फाइल साठवत बसतो, डिस्क भरते आणि धंतोलीतला डेटाबेसच बंद पडतो. मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझला मर्यादा द्या, मुळात ती अमर्याद असते. एफसिंक (बदल खरोखर डिस्कवर लिहिले गेल्याची खात्री करणारं सेटिंग) कधीही बंद करू नका. यूपीएसची लेड-ॲसिड बॅटरी बंद खोलीत, ४५ अंशांच्या मे महिन्यात, कंपनीनं सांगितलेली वर्षं टिकत नाही. दर एप्रिलमध्ये लोड टाकून किती मिनिटं धरते ते मोजा.

महिन्यातून एकदा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उभा करून कालच्या बिलांची बेरीज काउंटरच्या रोकड वहीशी जुळवा. नुसतं "बॅकअप सक्सेसफुल" वाचून झोपू नका.

इतवारी_इंडेक्स

"वऱ्हाडे"चं कारण दिसत नाही म्हणून छळतं. तो ऱ् दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक म्हणजे स्वतंत्र ऱ आणि हलन्त, दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा जॉइनर. पडद्यावर दोन्ही सारखेच. युनिकोडच्या एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकच अक्षर एकाच रूपात आणायच्या पद्धतीनं) र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, पण जॉइनरवाला प्रकार तसाच राहतो. म्हणून शोधासाठी वेगळा स्तंभ करा: आधी एनएफसी, मग जॉइनरवाल्याचा ऱ्, मग उरलेले जॉइनर काढून टाका. शोधायचा शब्दही त्याच फंक्शनमधून जाऊ द्या. गजभिये आणि गजभीये जुळवायचे तर त्या स्तंभात ऱ्हस्व-दीर्घ एक करा. छापायचं नाव मात्र पेशंटनं सांगितलं तसंच.

डेटाबेस "सी" लोकॅलवर (भाषेचे नियम न पाळणाऱ्या सेटिंगवर) बनवू नका. तिथे ट्रायग्रॅम एक्स्टेन्शनला (तीन-तीन अक्षरांचे तुकडे जुळवून शोधणाऱ्या जोडणीला) देवनागरी ही अक्षरंच वाटत नाहीत. शो-ट्रायग्रॅमला एखादं मराठी नाव देऊन पाहा, रिकामं उत्तर आलं तर समजा. यादीचा क्रमही बिघडतो: क्ष क मध्ये शिरतो, ळ ल च्या मागे लागतो. आयसीयू या युनिकोड लायब्ररीचं मराठी कोलेशन (अक्षरांचा क्रम) घ्या. ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर मजकुरावरचे इंडेक्स पुन्हा बांधा, ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी) २.२८ मध्ये क्रम बदलला तेव्हा टेबलमध्ये असलेल्या नोंदीही जुने इंडेक्स "नाहीत" म्हणून सांगू लागले होते.

आणि जुना डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये, कृतिदेव फाँटमध्ये असेल तर आधी तो युनिकोडमध्ये आणा. त्यात साठवलेली अक्षरं मुळात इंग्रजीच असतात, फाँट लावला की मराठी दिसतं. रूपांतरात पहिली वेलांटी आणि रफार हमखास जागा चुकतात. मूळ मजकूर शेजारच्या स्तंभात ठेवून द्या आणि "र्मि", "र्थि" असलेली नावं वेगळी काढून कोणाकडून तरी डोळ्यांनी तपासून घ्या.