मिडसाइज पिकअप: चेहरा आवडलाय, इंजिन ठरत नाही

घाटवाट

नमस्कार मंडळी. नऊ वर्षं एसयूव्ही चालवली, आता ट्रक घ्यायचं घरात नक्की झालंय. फुल-साइज नको, तो आमच्या गॅरेजात मावत नाही. म्हणून अमेरिकी बाजारातले मिडसाइज बघतोय: टोयोटा टाकोमा, फोर्ड रेंजर, शेव्ही कोलोरॅडो आणि निसान फ्रंटियर.

आम्ही चौघं, मुलं ८ आणि ११ वर्षांची. दोन सायकली आणि मागे ओढायचा एक छोटा कॅम्पर (चाकांवरची राहायची खोली), रिकामा ३,८०० पौंडांचा. महिन्यातून एकदा डोंगराकडे जातो, एरवी रोजचं ऑफिस.

खरं सांगायचं तर नव्या टाकोमाच्या मी बघताक्षणी प्रेमात पडलो. उंच बॉनेट, फुगलेले मडगार्ड, मागून बघितला तर अंगात जोर असल्यासारखा उभा. बायकोला फ्रंटियर आवडतो, तिच्या मते त्याच्या अंगावर उगाच केलेलं काही नाही. रेंजर दोघांनाही चालेल. कोलोरॅडोचा चेहरा मला जरा रागीट वाटतो.

इंजिनांशी आलं की गोंधळ होतो. टाकोमात २.४ लिटर टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), किंवा तेच हायब्रिड होऊन. रेंजरमध्ये २.३ चार सिलिंडर नाहीतर २.७ व्ही६, दोन्ही टर्बो. कोलोरॅडोत २.७ टर्बो, तेही चारच सिलिंडरचं. फ्रंटियरमध्ये ३.८ लिटरचं बिनटर्बो व्ही६. कॅम्पर लावून घाट चढायला चार सिलिंडर पुरतात का? आणि ट्रक दिसण्यावरून निवडणं चूक आहे का?

रेघोटी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा आहे. चूक अजिबात नाही. पुढची दहा वर्षं रोज सकाळी दार उघडल्यावर हीच गाडी दिसणार आहे. फक्त चेहऱ्यावर जाऊ नका, बाजूने बघा.

बाजूने बघताना पुढचं चाक आणि पुढचं दार यांच्यातलं अंतर बघायचं. रेंजर आणि कोलोरॅडो दोघांनीही या पिढीत पुढचा आस आणखी पुढे सरकवला. रेंजरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ५० मिलिमीटरने वाढला, चाकांमधली रुंदीही तेवढीच वाढली. त्यामुळे बंपर चाकाच्या पुढे फार लोंबत नाही आणि गाडी चारही पायांवर नीट रोवल्यासारखी दिसते. हा नुसता नखरा नाही. खडकावर चढताना आधी टायर टेकतो, बंपर नाही. जो आकार कामातून आलेला असतो तो जुना होत नाही, असं मला मनापासून वाटतं.

टाकोमाचे फुगलेले मडगार्ड मलाही आवडतात. पण पत्र्यावर रेघा फार आहेत. दाराच्या खालच्या भागात प्रकाश तीन ठिकाणी तुटतो. गडद रंगात ते लपतं, पांढऱ्यात डोळ्यावर येतं. रेंजरचे इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे दिवे फोर्डच्या मोठ्या ट्रकवरून आलेत. ते ओळखीचे वाटतात आणि चेहरा शांत ठेवतात. फ्रंटियरबद्दल वहिनींशी मी पूर्ण सहमत. निसानने १९८० च्या दशकातल्या आपल्या ‘हार्डबॉडी’ ट्रकची आठवण ठेवून तो काढलाय. सरळ बॉनेट, सपाट बाजू, काचेची कड खिडकीपासून खिडकीपर्यंत सरळ. लांबून ओळखता येईल असा या चौघांत तोच.

कोलोरॅडोचा राग मात्र मला चालतो. पुढून बारीक दिवे आणि रुंद जाळी, पण बाजूने त्याची उभं राहण्याची ढब सगळ्यांत नेटकी आहे. एकदा बाजूने बघून सांगा.

पाटास्प्रिंग

घाटवाट, मी अकरा वर्षं ट्रेलर ओढतोय, आधी फुल-साइजने, आता मिडसाइजने. तुमच्या पहिल्या प्रश्नावर बोलतो.

सिलिंडर मोजणं सोडा, टॉर्क (इंजिनाचा फिरवायचा जोर) कुठल्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटातल्या फेऱ्यांना) येतो ते बघा. फ्रंटियरच्या व्ही६ ला ३१० हॉर्सपावर आहेत, टॉर्क २८१ पौंड-फूट. कोलोरॅडोचं चार सिलिंडरचं इंजिनही ३१० हॉर्सपावरचंच, पण टॉर्क ४३० पौंड-फूट. २०२३ मध्ये हा ट्रक आला तेव्हा या इंजिनाचे तीन वेगवेगळे ट्यून, म्हणजे ताकदीच्या तीन पायऱ्या, होते. २०२५ पासून सगळ्यांना हाच मोठा. शिवाय हे छोट्या गाडीचं इंजिन ताणून बसवलेलं नाही, तेच शेव्हीच्या फुल-साइज ट्रकमध्येही आहे. टाकोमाचं साधं २.४ लिटर २७८ हॉर्सपावर आणि ३१७ पौंड-फूट देतं. रेंजरचं २.३ म्हणजे २७० आणि ३१०, आणि २.७ व्ही६ म्हणजे ३१५ आणि ४००.

हे आकडे घाटात असे जाणवतात. टर्बो इंजिनाला जोर खालीच मिळतो, म्हणून गिअरबॉक्सला सारखं खाली यावं लागत नाही. चढावर पाय दाबला की गाडी न ओरडता ओढत राहते. बिनटर्बो व्ही६ ला जोर वर मिळतो. तो ओढत नाही असं नाही, पण चार-साडेचार हजार आरपीएमवर गुरगुरत चढतो. ज्यांना ते चालतं त्यांना काही अडचण नाही.

आता मुद्द्याचं. टो रेटिंगवर, म्हणजे कंपनीने सांगितलेल्या ओढायच्या मर्यादेवर, भाळू नका. टाकोमा ६,५००, रेंजर ७,५००, कोलोरॅडो ७,७०० पौंडांपर्यंत ओढतो असं पत्रकात असतं आणि तुमचा कॅम्पर त्यातल्या कशातही बसतो. आधी संपतो तो पेलोड, म्हणजे गाडीच्या अंगावर घेता येणारं वजन. ३,८०० पौंडांचा रिकामा कॅम्पर पाणी, गॅस, भांडीकुंडी भरून ४,६०० च्या आसपास जातो. त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या जागेवर, येतो. १२ टक्के धरले तरी ५५० पौंड. चौघं मिळून ५००, सायकली आणि रॅक ९०, हौद्यातलं सामान २००. झाले १,३४०. ड्रायव्हरच्या दारापाशी पिवळी पट्टी असलेलं स्टिकर असतं, त्यावरचा आकडा याच्यापेक्षा मोठा हवा. माहितीपत्रकातला नव्हे, त्याच गाडीवरचा. एकाच मॉडेलमध्ये ट्रिम (सोयीसुविधांची श्रेणी) बदलली की हा आकडा काहीशे पौंडांनी हलतो, आणि ऑफरोड किंवा हायब्रिड घेतला की सहसा खाली येतो.

चौथागिअर

फ्रंटियरची बाजू मांडायला हवी. माझ्याकडे तोच आहे. नऊ गिअरचा ऑटोमॅटिक, साधं इंजिन, टर्बोचे पाइप नाहीत, इंटरकूलर नाही. मी गाड्या पंधरा-पंधरा वर्षं ठेवतो, त्यामुळे कमी भाग म्हणजे कमी काळजी असा माझा हिशेब. स्टिअरिंग अजून हायड्रॉलिक आहे. पार्किंगमध्ये जड लागतं, पण कच्च्या रस्त्यावर चाकाखाली काय आहे ते हाताला कळतं. आणि इंजिनाचा आवाज खरा आहे, स्पीकरमधून आणलेला नाही.

पाटास्प्रिंग

चौथागिअर, साधेपणाचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण घाटवाट कॅम्पर घेऊन डोंगरात जाणार आहेत. बिनटर्बो इंजिन दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्के ताकद गमावतं, कारण वर हवाच विरळ. नऊ हजार फुटांवर ३१० चे सव्वादोनशेच्या आसपास उरतात. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. सपाटीवर राहणाऱ्याला मी फ्रंटियर डोळे मिटून सुचवला असता.

डोंगरकाठ

टाकोमा हायब्रिड दीड वर्षं वापरतोय. ३२६ हॉर्सपावर, ४६५ पौंड-फूट. ४८ हॉर्सपावरची मोटर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसवली आहे. सिग्नलवरून निघताना टर्बो जागा व्हायच्या आत मोटर ढकलते, तो पहिला धक्का मला अजूनही रोज आवडतो. पण ‘हायब्रिड’ शब्द ऐकून मायलेजसाठी घेणार असाल तर थांबा. साध्या २.४ पेक्षा फरक अगदी थोडा आहे. हे हायब्रिड जोरासाठी केलंय. बॅटरी मागच्या सीटखाली आहे, म्हणजे तिथली सामानाची जागा गेली. तुमची मुलं मोठी होतायत, मागे त्यांना बसवून बघाच.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. या चौघांत मॅन्युअल गिअरबॉक्स मिळतो तो फक्त टाकोमात, साध्या इंजिनासोबत, सहा गिअरचा. त्यात ताकद किंचित कमी होते, २७० आणि ३१०. मला हायब्रिड हवा होता म्हणून तो सुटला, त्याची हुरहुर आहे.

रानजाई

मी रेंजर २.७ व्ही६ चालवते, मागे घोड्यांच्या चाऱ्याचा ट्रेलर असतो. दहा गिअरचा ऑटोमॅटिक रिकाम्या गाडीत जरा चुळबुळतो, ट्रेलर लावला की शहाणा होतो. हौद्याच्या कोपऱ्यावर, मागच्या चाकामागे, पाय ठेवायला खाच दिली आहे. माहितीपत्रकात बघितली तेव्हा वाटलं, काय त्यात. आता दिवसातून चारदा त्यावर पाय ठेवून चढते. दिसण्याबद्दल बोलताना अशा गोष्टीही धरा.

घाटवाट, तुम्हाला हौदा किती लांब हवाय? रेंजर आणि कोलोरॅडोत चार दारं घेतली की पाच फुटांचाच हौदा येतो. टाकोमा आणि फ्रंटियरमध्ये चार दारांसोबत सहा फुटांचाही मिळतो. सायकली फाळका बंद करून आत ठेवायच्या असतील तर हा एक फूट फार मोठा आहे.

आणि टेस्ट ड्राइव्ह नीट मागा. मी शोधत होते तेव्हा एका डीलरने ब्लॉकला एक चक्कर मारून आणलं आणि लगेच कागद पुढे केले. मी उठून दुसरीकडे गेले. हायवेवर चढायला आणि एखादा चढ लागायला हवाच.

मधलीवाट

होंडा रिजलाइन यादीत का नाही? ३.५ लिटर व्ही६, २८० हॉर्सपावर, मागे स्वतंत्र सस्पेन्शन, हौद्याच्या तळाशी कुलपाची डिकी. रोजच्या ऑफिसला यापेक्षा आरामशीर ट्रक नाही.

पाटास्प्रिंग

मधलीवाट, गाडी सुरेख आहे, पण टो मर्यादा ५,००० पौंड. भरलेला कॅम्पर ४,६०० म्हणजे काठावर. मी त्यांना नाही सुचवणार.

जुनाडिझेल

मला या सगळ्यात एकच दुःख आहे. मागच्या पिढीच्या कोलोरॅडोत २.८ लिटरचं डिझेल होतं, ३६९ पौंड-फूट, आणि लांब पल्ल्याला त्याच्यासारखं इंजिन नव्हतं. नव्या पिढीत ते काढून टाकलं. ऑस्ट्रेलियात याच रेंजरला ३.० लिटर व्ही६ डिझेल मिळतं, ६०० न्यूटन-मीटरचं. ट्रेलर ओढणाऱ्यासाठी याहून योग्य जोडी मला सुचत नाही, आणि नेमकी तीच इथे विकत नाहीत.

घाटवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शनिवार गेले, पण बरंच स्वच्छ झालं.

पाटास्प्रिंगदादांचं ऐकून कॅम्पर नेहमीसारखा भरला आणि वजनकाट्यावर नेला. ४,७२० पौंड! आमचा अंदाज साडेचार हजारांच्या आत होता. हिचवरचा भार ६१० निघाला. बायकोने सामानाची यादी काढून अर्ध्या गोष्टींवर काट मारली आहे. ओतीव लोखंडाचा तवा मात्र येणार.

मग दारावरची स्टिकरं वाचत फिरलो. मला भावलेला हायब्रिड टाकोमा, मोठ्या टायरचा, आमच्या हिशेबात बसत नाही. त्याच टाकोमाचा साध्या इंजिनाचा आणि साध्या ट्रिमचा बसतो. रेंजर २.७ सुद्धा बसतो. फ्रंटियर बायकोने स्वतः चालवला. तिला स्टिअरिंग आवडलं, पण घाटात तो ओरडायला लागला तेव्हा तीच म्हणाली, मागे कॅम्पर असताना हे नको.

रेघोटी, तुमच्या सांगण्यावरून कोलोरॅडो बाजूने बघितला आणि माझं मत बदललं, फार सुंदर उभा राहतो. चढावरही चार सिलिंडर म्हणून काही कमी वाटलं नाही. माझा पहिला प्रश्न तिथेच मिटला. पण मुलगा मागे बसून म्हणाला, गुडघे लागतात. तो अकराचाच आहे, अजून वाढायचाय.

आता रेंजर २.७ आणि साधा टाकोमा, दोघांतच आहे. टाकोमाच्या ३१७ मध्ये ४,७२० पौंड घाटात कसे वाटतील?

पाटास्प्रिंग

चढेल, नीट चढेल, पण हातात फार शिल्लक राहणार नाही. वारा समोरून असला की कॅम्परचं सपाट तोंड वजनापेक्षा जास्त त्रास देतं, आणि तिथे ४०० ची मजा कळते. तुम्ही महिन्यातून एकदाच ओढणार, उरलेले दिवस टाकोमाच्या प्रेमात असाल तर टाकोमा घ्या. मी असतो तर रेंजर घेतला असता.

रेघोटी

बाजूने दोघंही चांगले आहेत. टाकोमा घेतलात तर पांढरा नको, एवढंच ऐका.

घाटवाट

काल रात्री रेंजर २.७ नक्की केला. बुक करायच्या आधी शेजारच्या लॉटमधला टाकोमा पुन्हा एकदा बघून आलो, पाच मिनिटं नुसता उभा होतो. बायको गाडीत बसून राहिली, काही बोलली नाही. रेंजर गडद निळा आहे, तीन आठवड्यांनी येतोय. रानजाई, ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर कंपनीचा घेतलात की बाहेरून लावलात?

रानजाई

अभिनंदन! कंपनीचाच घ्या, ऑर्डरमध्येच टाका. डॅशमध्ये नीट बसतो आणि उतारावर ट्रेलरचे ब्रेक गाडीच्या ब्रेकशी जुळवून घेतो. अजून बिल झालं नसेल तर आजच फोन करा.