ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरचा दांडा सैल झाला आहे : दुरुस्ती करावी की बदलावा?

निशिगंध_पुणे
नमस्कार. माझी 2013 सालची, टॉर्क कन्व्हर्टर असलेली ऑटोमॅटिक सेडान 1,18,000 किलोमीटर चालली आहे. गिअरचा दांडा 'डी'मध्ये (ड्राइव्ह, म्हणजे पुढे चालवताना) असतानाही डावी-उजवीकडे बोटभर हलतो, मुठीवरचे बटण अर्ध्यात अडकते आणि 'पी'मधून (पार्क, म्हणजे गाडी उभी करताना) बाहेर पडायला कधी कधी दोन-तीनदा दाबावे लागते. गाडी बहुतेक वेळा आई चालवते, त्यामुळे हे काम मला लांबवायचे नाही. खर्चाची मर्यादा 5,000 रुपये आहे. दांडा कोठून घ्यावा आणि आधी काय तपासावे, हे कृपया सांगावे.

घाटवाट
मी मागच्या वर्षी पूर्ण असेंब्लीच (दांडा आणि त्याखालचा सगळा जोडसंच) बदलून घेतली. मजुरीसह 16,500 रुपये लागले, परंतु आता दांडा लोण्यासारखा फिरतो. अर्धवट कामे करून घेण्यापेक्षा एकदाच खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

दुबईकर_अभय
मी शारजाच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून असेंब्ली घेऊन ती भावासाठी नाशिकला आणली. ती डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची होती, म्हणून मुठीवरचे बटण नेमके उलट्या बाजूला आले आणि दोन सीटमधल्या कन्सोलची पट्टीही बसली नाही. वापरलेला भाग घ्यायचा असेल, तर तो उजव्या स्टिअरिंगच्या गाडीचाच आहे ना, हे आधी पाहावे.

नानापेठेतला
त्यासाठी शारजा कशाला? नाना पेठेत चौकशी करा, नाहीतर कुर्ल्याला जा. मात्र जुना दांडा सोबत न्या आणि कनेक्टरच्या पिना मोजून घ्या. वरून सारखे दिसणारे दोन भाग खालून वेगळे निघतात.

यंत्रजीवी
आधी निदान करा. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून आणि ब्रेक दाबून ठेवून दांडा प्रत्येक खाचेत न्या. डॅशबोर्डवर तेच अक्षर उमटत असेल, तर दांड्यापासून गिअरबॉक्सकडे जाणारी केबल बहुधा ठीक आहे. दुसरे म्हणजे, ब्रेक दाबल्यावर मागचे दिवे लागतात का, हे कोणाला तरी पाहायला सांगा. ब्रेकचा स्विच बिघडला, तर 'पी'चे कुलूप उघडत नाही आणि दांड्याला विनाकारण दोष दिला जातो. दांडा हलतो तो बहुतेक वेळा खालच्या खिळीभोवतीची प्लॅस्टिकची बुश (कड्यासारखा भाग) झिजल्यामुळे, तेव्हा फक्त बुश बदला.

सह्यवेडा
मूळ कारण वेगळे आहे. उतारावर थेट 'पी' टाकून ब्रेक सोडला, की गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या अडसरावर येतो आणि दांडा ओढून काढावा लागतो. आधी 'एन' (न्यूट्रल), मग हँडब्रेक, मग पायातला ब्रेक सोडून भार हँडब्रेकवर घ्यावा आणि शेवटी पुन्हा ब्रेक दाबून 'पी' टाकावे.

घाटवाट
मी खंबाटकीत आजवर असे कधीच केले नाही आणि काहीही बिघडले नाही. असो, पूर्ण असेंब्लीच बदला.

निशिगंध_पुणे
सर्वांचे मनापासून आभार. तपासणी केली. डॅशबोर्डवरची अक्षरे बरोबर उमटली, पण मागचा उजवा दिवा लागत नव्हता आणि डावा अधूनमधून लुकलुकत होता. उजवीकडे बल्ब गेला होता आणि ब्रेकचा स्विचही खराब होता; दोन्ही बदलायला 740 रुपये लागले. तेव्हापासून दांडा 'पी'मधून पहिल्याच दाबात बाहेर येतो. बटण मूठ उघडून साफ केले. आत साखरेच्या पाकासारखे चिकट काहीतरी साचले होते. हलणे मात्र राहिले होते. तयार बुश मिळत नव्हती, म्हणून आपणा सर्वांचा सल्ला बाजूला ठेवून मी हडपसरच्या एका लेथवाल्याकडून पितळेची बुश करवून घेतली. कुलुपाच्या भागाला त्याने हात लावला नाही.

यंत्रजीवी
पितळ खिळीला घासेल. सहा महिन्यांनी उघडून पाहा आणि ग्रीस भरा.

निशिगंध_पुणे
नक्की पाहीन. तारीख आईच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.